ऊम सारेलांची पांढरी वैरीण

माझी प्रार्थना लांबते, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशीचं खापर माझ्या एकटीच्या डोक्यावर फोडायचं कारण नाही. सहा धडधाकट माणसं टेबलाभोवती बसली होती, सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले, आणि एकालाही जरा डोळा किलकिला करून बघावंसं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? खाण्याआधी देवाचं नाव घेताना डोळे उघडे ठेवले म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेत.

हे झालं ऊम सारेल यांच्या तंबूत. ऊम म्हणजे काका. आमच्यात वयाने मोठा दिसला की तो ऊम, मग तो नात्यातला असो नाहीतर पेट्रोल पंपावर भेटलेला. सारेल फिसाखी, वय एकाहत्तर, क्रूनस्टाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. जूनमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, तिकडे फ्री स्टेटात नळातलं पाणी गोठायला लागलं की आम्ही सगळे आपापली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागे जोडतो आणि इकडे खाली, उबेत, नदीकाठच्या कॅम्पवर येऊन, तिला पुढे तंबू जोडून सप्टेंबरपर्यंत ठाण मांडतो. जागासुद्धा ठरलेल्या. मी आणि माझा नवरा वेनांट अकरा नंबरवर, ऊम सारेल आणि त्यांची बायको मीमी बारावर. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

या एकोणीस वर्षांत कॅम्पमधल्या प्रत्येकाचं काही ना काही चोरीला गेलं. चोर कोण, हे वेगळं सांगायला नको. मागच्या टेकडीवर बबूनांचा चाळीसएकांचा कळप आहे, आणि त्यांना आमचं वेळापत्रक आमच्यापेक्षा चांगलं पाठ आहे. माझी साखर गेली, वाढदिवसाचं पुडिंग गेलं, वेनांटच्या रक्तदाबाच्या गोळ्या डबीसकट गेल्या. तंबूची चेन ती माकडं माझ्यापेक्षा झटपट उघडतात. पण बारा नंबरमधून कधी एक दाणा गेला नाही.

कारण ऊम सारेल. त्या माणसाचं या बाबतीत डोकं होतं आणि तोंडही होतं. आल्या आल्या ते स्वतःची कॅरॅव्हॅन लावायच्या आधी सगळ्यांच्या कॅरॅव्हॅनभोवती एक चक्कर मारायचे. गॅसची नळी जिथून आत जाते तिथे बोटभर फट दिसली तरी तिच्यात भांडी घासायची तारेची जाळी कोंबायचे, म्हणजे उंदीर दात मोडून घेतात. फ्रीजला पट्टा बांधायचे. टेबलाचे पाय पाण्याच्या डब्यांत उभे करायचे, मुंग्यांसाठी. तंबूच्या चेनीला कडी अडकवून वर कुलूप. आणि खायचं सगळं, म्हणजे अगदी चघळायच्या गोळीपासून सगळं, पत्र्याच्या ट्रंकेत. ती ट्रंक त्यांनी वर्कशॉपमध्ये स्वतः केलेली, झाकणाला दोन कड्या, त्या दोन्ही एकाच वेळी उलट्या दिशेला वळवल्याशिवाय उघडत नाहीत.

"राली," ते मला दरवर्षी सुनवायचे, "तू खिडकीत केळी ठेवतेस. त्यापेक्षा सरळ आमंत्रणपत्रिका छापून टेकडीवर वाट की."

"तुम्हीच या खायला, ऊम," मी म्हणायची. "तुमचे आणि त्यांचे दात सारखेच आहेत."

मीमी हसायची. ती फार बोलायची नाही, तिच्या वाट्याचं तेच बोलायचे. ती एप्रिलमध्ये गेली. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना गेली, चिमटा हातातच होता. आम्हाला वाटलं, यंदा ऊम सारेल येणार नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात, रविवारी दहा मिनिटं फोनवर असते. ती म्हणत होती, घर विका आणि इकडे या. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात बारा नंबरवर कॅरॅव्हॅन उभी होती आणि ऊम सारेल माझ्या चाकांखाली डोकं घालून फटी शोधत होते.

त्यांनी सोबत एक मोठा डबा आणला होता. मीमीने मार्चमध्येच ट्रिपसाठी रस्कं करून ठेवली होती. ताकातली, बडीशेप घातलेली, दोनदा भाजलेली, अशी टणक की कॉफीत बुडवल्याशिवाय खाऊ म्हटलं तर दाताचा डॉक्टर गाठावा लागेल. दरवर्षी ती दोन डबे आणायची आणि जुलैपर्यंत कॅम्पभर वाटून मोकळी व्हायची. यंदा एकच डबा होता, आणि त्यातलं ऊम सारेल रोज सकाळी अर्धं रस्क खायचे. अर्धं. उरलेलं अर्धं कागदात गुंडाळून ट्रंकेत. मला एकदा म्हणाले, "असं केलं तर सप्टेंबरपर्यंत पुरेल." पुढे काय करणार, ते मी विचारलं नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी त्यांनी आम्हा पाच जणांना कॉफीला बोलावलं. त्या दिवशी मीमीचा वाढदिवस. डबा त्यांनी स्वतः ट्रंकेतून काढला, टेबलाच्या मधोमध ठेवला, झाकण उघडलं. तंबूत बडीशेपेचा वास पसरला आणि मला रडू आलं. ते मला म्हणाले, "राली, तू कर प्रार्थना. तिला तुझी आवडायची."

मग मी केली. केली म्हणजे चांगली ऐसपैस केली. मीमीने कोणाकोणाच्या आजारपणात काय काय केलं, ते देवाला आठवण करून दिलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं. कुठेतरी मध्येच मला पत्र्याचा बारीकसा आवाज आला. मला वाटलं, वेनांटचा चमचा. मी पुढे चालू ठेवलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर टेबलावर डबा नव्हता.

तंबूच्या दारात ती बसली होती. मादी, बेताच्या अंगाची, डावा कान फाटलेला. डबा काखेत. आमच्याकडे तिने असं बघितलं की जणू आम्हीच तिच्या घरात न विचारता शिरलोय. ऊम सारेल खुर्ची पाडून उठले, तशी ती पळाली, आणि पळता पळता डबा नदीकडच्या खडकावर आपटून उपडा झाला. कळपातली पोरंसोरं धावून आली. आम्ही पोचेपर्यंत खडकावर भुगासुद्धा राहिला नव्हता. रिकामा डबा तेवढा पाण्यात पडलेला.

ऊम सारेल यांनी शिवी दिली नाही. दगड मारला नाही. मला म्हणाले, "आपण डोळे मिटतो, हे तिने बघून ठेवलं होतं." बस, एवढंच. मग तंबूत जाऊन पडलेली खुर्ची उभी केली आणि आम्हाला सगळ्यांना काळी कॉफी दिली. नुसती.

मी त्या रात्री झोपले नाही हो. माझ्याच प्रार्थनेत गेली ती रस्कं. तीन मिनिटांत आटपलं असतं तर? सकाळी उठले आणि सरळ बारा नंबरवर गेले. म्हटलं, "ऊम, काय करायचं ते सांगा. मी आहे."

"संत्र्याच्या बागेवाल्याकडे पिंजरा आहे," ते म्हणाले. सगळं ठरवूनच बसले होते. "आणि तुझ्याकडे भिंतीचा पांढरा रंग आहे, कॅरॅव्हॅनला आतून लावायला आणलेला."

मला लगेच कळलं. आमच्या आजोबांच्या पिढीतले शेतकरी हे करायचे. कळपातला एक बबून पकडायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरा रंगवायचा आणि सोडून द्यायचा. तो जीव घेऊन आपल्या माणसांकडे पळतो. त्याची माणसं त्याला बघून भूत बघितल्यासारखी पळतात. ती पळतात म्हणून तो आणखी जोरात त्यांच्या मागे पळतो. असे ते डोंगरामागून डोंगर ओलांडून जातात आणि शेत मोकळं होतं.

"म्हणजे कळप जाईल," मी म्हटलं. "चांगलंच आहे."

"कळपाशी मला काय करायचंय? कळप राहो नाहीतर जावो," ते म्हणाले. "मला ती पाहिजे. मारणार नाही मी तिला. मेली की सुटली. तिला एकटं राहू दे. सकाळी उठल्यावर शेजारी कोणी नाही, हे तिलाही कळू दे एकदा."

मला त्यांची भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझी साखर, माझं पुडिंग, सगळं मला त्या फाटक्या कानात दिसायला लागलं होतं.

एकाच माणसाने आम्हाला अडवलं. रिसिमाटी. पंचवीस वर्षं या कॅम्पची राखण करतोय, त्याचं गाव नदीपलीकडेच. पिंजरा गाडीतून उतरवताना त्याने बघितला आणि हातातला झाडू ठेवून आला.

"ऊम सारेल, पिंजरा कशाला?"

"तुझ्या कामाचं नाही ते."

"माझ्याच कामाचं आहे. कॅम्पच्या ऑफिसातल्या बाईंना कळलं तर तुमची जागा जाईल."

"तू सांगणार आहेस?"

"मी सांगणार नाही," रिसिमाटी म्हणाला. "पण हे करू नका. तिला गोळी घाला हवं तर. गोळी घातली तर मी समजू शकतो."

"गोळी स्वस्त पडते," ऊम सारेल म्हणाले आणि पिंजऱ्याचं दार तेल घालून वरखाली करून बघायला लागले.

तिसऱ्या सकाळी ती अडकली. त्याआधी दोन दुसरे अडकले होते, ते त्यांनी सोडून दिले, नुसते कान बघून. पिंजऱ्यात ती जाळीला धरून किंचाळत होती आणि टेकडीवरून नर भुंकत होते. लांब काठीला ब्रश बांधून आम्ही दोघांनी तिला रंगवलं. वेनांट पाणी ओतत होता आणि तोंड फिरवून उभा होता. पाठ, पोट, हात, तोंडसुद्धा. ती ब्रश चावत होती. माझ्या चपलांवर, माझ्या केसांत, सगळीकडे रंग. ऊम सारेल यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि एप्रिलपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत दिसत होतं.

"आता जा घरी," त्यांनी दार वर उचललं.

ती सुटली ती थेट टेकडीकडे. वर काय झालं ते आम्ही खालून ऐकलं. आधी एकदम शांत झालं. मग चाळीस गळ्यांतून जो आवाज निघाला तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. टेकडीवरचे दगड घरंगळत आले. तपकिरी लोंढा पलीकडच्या उतारावरून नदीत शिरला आणि पार झाला, आणि त्यांच्यामागे एक पांढरा ठिपका. ती त्यांना हाका मारत होती. हाकाच त्या, दुसरा शब्द नाही.

त्या संध्याकाळी कॅम्पमध्ये जल्लोष. निखाऱ्यांवर सॉसेज, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, टोमॅटोचा रस्सा, आणि सगळं उघड्यावर, झाकणाशिवाय. ऊम सारेल यांच्या नावाने ग्लास उंचावले गेले. ऑफिसातल्या बाईंनी येऊन विचारलं, "हे कोणी केलं?" सगळे निखारे उकरायला लागले. रिसिमाटी कचऱ्याच्या डब्यांभोवतीच्या जाळीला कुलूप लावत होता, त्याने मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी ती परत आली. एकटीच. पाण्याच्या टाकीखालच्या खडकावर बसून राहिली, बारा नंबरच्या बरोबर समोर. अंगावर ओरखडे होते, एका खांद्याचं कातडं सोललेलं. तिच्याच माणसांपैकी कोणीतरी चावलं असणार. ती काही चोरायला आली नव्हती. दुसरीकडे कुठे जायचं हेच तिला कळत नव्हतं.

ऊम सारेल यांनी आपली खुर्ची उचलली आणि तंबूच्या बाहेर, तिच्याकडे तोंड करून मांडली.

तिथून पुढे पाच आठवडे त्यांचा तोच दिनक्रम. सकाळची कॉफी तिच्यासमोर. दुपारचं जेवण तिच्यासमोर. "काय बाई," ते तिला विचारायचे, "झोप लागली का? कोणी आलं होतं का बघायला?" ती दुसरीकडे बघायची. संध्याकाळी ती टाकीच्या चौथऱ्यावर अंगाची जुडी करून झोपायची, कारण एकट्या मादीला झाडावर बिबट्याने धरायला वेळ लागत नाही. इतर कॅरॅव्हॅनवाले आधी फोटो काढायचे, मग काढेनासे झाले. एका बाईने तर आपली जागा बदलून घेतली, म्हणाली, मला ते दोघं बघवत नाहीत.

मलाही बघवत नव्हतं. पण मी बोलणार कोणत्या तोंडाने? एक दिवस मी म्हटलंच, "ऊम, झालं की आता. कळलं तिला."

"अजून नाही."

"कशावरून?"

"मला अजून कळलं नाही तर तिला कसं कळेल?" ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढत, "एवढं एकच काम उरलंय गं मला. ते तरी नीट करू दे."

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तंबूतच होते. तिकडून ती काहीतरी बरंच बोलली. इकडून ऊम म्हणाले, "सध्या नाही जमणार. इथे लक्ष ठेवावं लागतं." आणि फोन ठेवून पुन्हा खुर्चीत.

ऑगस्टच्या मध्याला नदीकाठचे उंबर पिकले आणि कळप परतला. पलीकडच्या काठावर आधी नर आले, मग बाकीचे. खडकावरची ती उठून उभी राहिली. तिने आवाज दिला नाही, पहिल्या वेळेवरून शिकली होती बिचारी. नुसती उभी. ऊम सारेल खुर्चीत पुढे सरकले. त्यांना वाटलं, आता पुन्हा तीच मजा. मलाही वाटलं, आणि मी कान झाकून घ्यायच्या तयारीत होते.

या वेळी कळप पळाला नाही. एक दिवस लांबून बघितलं, दुसऱ्या दिवशी जरा जवळून. तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी मादी, स्तन लोंबलेली, एक डोळा गेलेली, नदी ओलांडून हळूहळू खडकापर्यंत आली. तिने पांढरीला हुंगलं. पांढरी पोटावर आडवी झाली, थरथरत. म्हातारीने तिच्या दुखऱ्या खांद्याजवळ बोटं घातली, रंगाचा एक पोपडा नखाने उचलला, तोंडात टाकला, थुंकला. मग दुसरा पोपडा. मग तिसरा. दुपारी आणखी तिघी आल्या.

चार दिवस ते चाललं. रोज सकाळी त्या यायच्या आणि तिच्याभोवती बसायच्या. एक पाठीवर, एक पायाशी, एक खांद्यापाशी, एक कानामागे, पोरं मध्ये मध्ये नाक खुपसतायत, आणि ती डोळे अर्धवट मिटून पडलेली. पांढरे पोपडे खडकावर सांडत होते. खालून तपकिरी लव दिसायला लागली.

चौथ्या दिवशी मी अंडी घेऊन बारा नंबरवर गेले तेव्हा ऊम सारेल खुर्चीत नव्हते. उभे होते. कॉफीचा मग गवतात पडलेला होता.

"रंग उरलाय का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही." खोटं बोलले मी. अर्धा डबा माझ्या पलंगाखाली होता.

"मग शहरातून आण. उद्याच आण. पिंजरा आहे अजून." त्यांचा आवाज चढला होता. "बघ तिच्याकडे. बघ. आठ हात आहेत तिच्या अंगावर. मी मोजले. चोर ती. आणि एप्रिलपासून मला कोणी हात लावलेला नाही, राली. तू कॉफी देतेस, अंडी देतेस. तेही भांड्यातून. दुकानातली मुलगी सुटे पैसेसुद्धा काउंटरवर ठेवते. आणि तिला, तिला आठ हात?"

रडतील असं मला वाटलं. पण ते रडले नाहीत. ते रागावले होते, मनापासून, आणि माझ्याकडे बघत होते, जणू मी ताबडतोब पिंजरा उचलून टेकडी चढणार आहे.

अशा वेळी माझं तोंड भलतंच काहीतरी बोलतं. मी म्हटलं, "तुमचे केस बघितलेत का आरशात? मानेवर रान माजलंय. लोक मला नावं ठेवतात, म्हणतात, शेजारीण असून लक्ष नाही."

"मीमी कापायची," ते म्हणाले.

"माहीत आहे. बसा."

बसतील असं वाटलं नव्हतं. बसले. मी माझ्या स्वयंपाकाची कात्री आणली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि त्यांचं डोकं हातांत धरलं. माझा हात लागला तसे त्यांचे दोन्ही खांदे एकदम खाली आले. मानेवर, केसांच्या मुळांशी, अजून रंगाचे दोन वाळलेले ठिपके होते, जुलैपासूनचे. ते मी नखाने काढले. मग सावकाश कापत राहिले, गरजेपेक्षा बरंच सावकाश.

समोर खडकावर त्या बसल्या होत्या आणि ऊम सारेल यांची नजर एकदाही तिथून हलली नाही.

"उद्या पिंजरा लावायचा," ते म्हणाले.

"हलू नका, ऊम," मी म्हटलं. "कानामागचे राहिलेत."